सोडायला आणि न्यायला

नाव: स्वतंत्र बंद पाकिटात दिले आहे. वय: चौपन्न वर्षे. धंदा: दुभाषी, मुख्यतः कारखान्यांत. राहणार: कापड दुकानाच्या वर, दुसरा मजला, सोबत मुलगा व सून.

मी पोलीस ठाण्यात स्वतः होऊन आले आहे, मला कोणी बोलावलेले नाही. समक्ष हजर राहून सांगते की, या प्रकरणात लहान मुले असल्यामुळे जबाबात कोणाचेच नाव घालायचे नाही, असे मला साहेबांनी सांगितले. म्हणून मी सगळ्यांना त्यांच्या कामाने किंवा नात्याने म्हणते. या प्रकरणातल्या मुलीला ती राहते त्या संस्थेत सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. तेच नाव मी वापरते.

परदेशी तंत्रज्ञ यंत्रे बसवायला येतात, तेव्हा त्यांच्या आणि आपल्या मिस्त्रींच्या मधे उभे राहून बोलणे हे माझे काम. दाब, तापमान, नट, पाना, शिव्या, सगळे जसेच्या तसे पलीकडे पोचवायचे. एका दुभाष्याने शिवी सौम्य करून सांगितली म्हणून बॉयलर फुटता फुटता राहिलेला मी पाहिला आहे. आमच्या धंद्यात ‘ध’चा ‘मा’ करणे हे सर्वांत मोठे पाप. आज एक अक्षरही बदललेले नसताना काय होऊ शकते ते मी पाहिले. पाणी दिल्याबद्दल आभारी आहे.

काल सायंकाळी मला अनाथ व निराधार मुलांच्या संस्थेतून फोन आला. संस्थेचे व्यवस्थापक बोलत होते, पण त्यांचा घसा पार बसला होता. आधी मला वाटले कोणी थट्टा करत आहे. ते म्हणाले की एका परदेशी जोडप्याला संस्थेतली मुलगी दत्तक दिली आहे, कोर्टाचा हुकूम झाला आहे, पुढच्या आठवड्यात ते तिला घेऊन जाणार आहेत आणि उद्या शेवटची ओळख-भेट आहे. एरवी अशा भेटीत दुभाष्याचे काम ते स्वतःच करतात. आवाज गेला म्हणून बाहेरचे माणूस हवे होते. त्यांचा घसा धड असता तर मी तिथे गेलेच नसते, आणि पुढच्या आठवड्यात भिंगरी विमानात बसली असती. हा विचार मी दुपारपासून डोक्यातून काढायचा प्रयत्न करते आहे.

सकाळी अकराच्या सुमारास मी संस्थेत पोचले. भेटीची खोली तळमजल्यावर आहे. एका भिंतीला काचेचे कपाट, त्यात खेळणी, कपाटाला कुलूप. लहान मुलांच्या उंचीच्या खुर्च्या होत्या आणि परदेशी गृहस्थ त्यातल्याच एकीवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. त्यांना मोठी खुर्ची देऊ केली तर ते नको म्हणाले, तिच्या उंचीवर बसायचे आहे म्हणाले. त्यांच्या बायकोने आपल्या भाषेतली पाच-सहा वाक्ये पाठ केली होती. भिंगरी आल्यावर त्या म्हणाल्या, “तू कसा आहे?” भिंगरी खो-खो हसली आणि म्हणाली, “काकू, मी मुलगी आहे.” मी ते सांगितले, तेव्हा बाईही हसल्या. माणसे चांगली आहेत. त्यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही आणि कोणी केली तर मी ती खोडून काढीन.

खोलीत व्यवस्थापक आणि मुलांना सांभाळणाऱ्या मावशीही होत्या. मावशी दाराला टेकून उभ्या होत्या आणि पूर्ण वेळ पदराशी चाळा करत होत्या.

परदेशी बाईंनी मला एक गोष्ट आधीच समजावून सांगितली. त्यांच्या देशात दत्तक घेणाऱ्यांना वर्गांना बसावे लागते. तिथे त्यांना शिकवले होते, की मुलाला कुठे न्यायचे आहे, कोणाबरोबर, आणि ते कायमचे आहे, हे त्याच्या भाषेत त्याला सांगायचे. मग त्याला काय समजले ते त्याच्या तोंडून ऐकायचे. ऐकल्याशिवाय पुढे जायचे नाही. व्यवस्थापक बसक्या आवाजात मला म्हणाले, “हे सगळं झालंय मॅडम, मागच्या भेटीत मीच केलं. आता नुसतं गोड बोला, फोटो काढू आणि सोडू त्यांना.” मी म्हटले, बाई विचारतात तर मला विचारावे लागेल.

बाईंचा पहिला प्रश्न मी भिंगरीला असा विचारला: “तुला इथं कोणी आणलं गं?”

ती म्हणाली, “आईनं सोडलं.”

आता हे नीट लिहून घ्यावे. परदेशी पाहुण्यांच्या भाषेत मुलाला शाळेच्या दारात सोडण्याला एक शब्द आहे आणि मुलावरचा हक्क सोडण्याला दुसरा. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आपल्याकडे दोन्हीला सोडणेच म्हणतात. व्यवस्थापकांनी मला येतानाच सांगितले होते, की ही आईने सोडलेली मुलगी आहे. म्हणून मी हक्क सोडण्याचा शब्द वापरला. बाईंनी मान हलवली, त्यांना हे माहीत होतेच.

पण भिंगरीचे बोलणे संपले नव्हते. ती माझ्या पर्सची चेन उघड-मीट करत म्हणाली, “सुट्टी लागली की न्यायला येणारे. मला म्हणाली, रडायचं नाही, मावशींचं ऐकायचं. सुट्टी कधी लागते आजी? दोनदा लागली, पण ती छोटी सुट्टी होती. मोठ्ठी लागली की येणारे.”

मी बोलायची थांबले. पस्तीस वर्षांत कामाच्या मधे मी कधी थांबलेली नाही. परदेशी गृहस्थांनी विचारले, काय म्हणाली ती. व्यवस्थापक पुढे वाकून म्हणाले, “तेवढं राहू द्या हो. सगळीच मुलं असं बोलतात. पोरांचं बोलणं ते.”

मी म्हटले, “साहेब, मी गाळणी नाही. मला सगळं सांगावं लागतं.”

मी सांगितले. मघाचा शब्द मी चुकीचा वापरला असण्याची शक्यता आहे, तो दुसरा असू शकतो, हेही सांगितले. बाईंच्या मांडीवर त्यांनी आणलेली चित्रांची वही होती. ती त्यांनी मिटून बाजूला ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिले.

व्यवस्थापकांना राग आला. ते म्हणाले की त्यांच्याकडे पुरावा आहे. आईला अधिकाऱ्यासमोर रीतसर विचारलेले आहे, त्याचे रेकॉर्डिंग आहे, कोर्टानेही तेच मान्य केले आहे. त्यांनी आपल्या मोबाइलवर ते लावले आणि सर्वांना ऐकू जाईल असा मोबाइल मधल्या टेबलावर ठेवला. त्याआधी मावशी भिंगरीला बाहेर घेऊन गेल्या. व्यवस्थापकांच्या मनात पाप असते तर त्यांनी ते लावले असते, असे मला वाटत नाही. ते वाईट असते तर बरे झाले असते, निदान चिडायला सोपे गेले असते.

रेकॉर्डिंगमध्ये एक पुरुष विचारतो, मुलीला कोणी आणले. बाई म्हणते, “मीच. मीच सोडायला आले.”

“राजीखुशीनं सोडताय ना? कोणाची जबरदस्ती नाही ना?”

“जबरदस्ती कुणाची असणार? राजीखुशीनं सोडतेय. माझी रात्रपाळी असते, घरी बघायला कोण नाही. इथं दोन वेळा पोटभर मिळेल, शाळा होईल.”

“परत मागायला येणार नाही ना?”

इथे बाईचा आवाज चढतो. “मागायला कशाला येऊ साहेब? हातपाय धड आहेत माझे. कष्ट करून खाते मी, कुणाकडे हात पसरला नाही आजवर.”

“तसं नाही हो. बरं, पुढं चांगल्या ठिकाणी गेली ती, तर तुमची हरकत नाही?”

“चांगल्या ठिकाणी गेली तर हरकत कसली? लेकराचं भलं झालं म्हणजे झालं.”

बाई बोलते तेव्हा मागे एक तान्हे मूल कुरकुरत असते. संस्थेत असतातच, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही.

रेकॉर्डिंग संपले. व्यवस्थापक माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत होते. म्हणाले, “बघा. स्पष्ट म्हणतेय की, सोडतेय म्हणून. परत मागणार नाही म्हणतेय. आणखी काय पाहिजे?”

तिचा एकही शब्द खोटा नव्हता, आणि कोणी एकही बदललेला नव्हता. त्या माणसाने विचारले मूल परत मागशील का, तिला वाटले पैसे मागायला येशील का असे विचारतात, आणि स्वाभिमानाने ती नाही म्हणाली. तिच्या स्वाभिमानापायीच तिचे मूल गेले. मी व्यवस्थापकांना विचारले, “तिला कोणी सरळ विचारलं का, की मुलगी परदेशात जाईल, तिची आई दुसरी असेल, आणि तुम्हाला ती परत दिसणार नाही?”

ते म्हणाले, “असं तोंडावर कसं विचारणार मॅडम? बायका कोलमडतात. माणुसकी आहे का नाही? आडवळणानं विचारावं लागतं.”

ताकाला जाऊन भांडे लपवायची आपली सवय. लग्नाच्या बैठकीत चालते, उसनवारीत चालते. इथे त्या सभ्यपणाने एका बाईचे मूल तिला न कळवता गेले. मी हे परदेशी जोडप्याला दोन्ही अर्थांनी, दोनदा सांगितले. गृहस्थ त्या छोट्या खुर्चीवरून उठले. म्हणाले, आईला भेटून तिला स्वच्छ विचारल्याशिवाय आम्ही हिच्या केसालाही हात लावणार नाही. पण आम्ही तिच्यासमोर जाणे बरोबर नाही, आम्हाला पाहून ती दबेल, तुम्ही जा. बाई व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नऊ वर्षे वाट पाहिली आहे, असे गृहस्थांनी मला जाताना सांगितले. तक्रार म्हणून नव्हे, नुसते सांगितले.

व्यवस्थापक म्हणाले की आईचा पत्ता जुना आहे, ती सापडणार नाही. तेव्हा भिंगरीला बाहेर ठेवून दारात परत आलेल्या मावशींना रडू फुटले. त्या म्हणाल्या, “सापडेल की. मोठ्या धुलाई कारखान्यात आहे ती. मला दर महिन्याला फोन करते. सरांनीच सांगितलंय, भेटायला येऊ नको, आई दिसली की पोरं बिथरतात. म्हणून येत नाही बिचारी.” व्यवस्थापक म्हणाले, ते खरे आहे, सगळ्याच पालकांना तसे सांगतात. दत्तकाच्या हुकमानंतरही ती फोन करत होती, हे त्यांना माहीत नव्हते. मावशी नोकरी जाईल म्हणून बोलल्या नव्हत्या.

मुलांच्या कामासाठी सरकारी अधिकारी आहेत, त्यांना मी तिथूनच फोन लावला. ते बैठकीत होते. लेखी द्या, असे त्यांच्या कारकुनाने सांगितले. मग मी, व्यवस्थापक आणि मावशी असे तिघे संस्थेच्या गाडीने कारखान्यात गेलो. व्यवस्थापक स्वखुशीने आले. ती समोर तेच सांगेल, असे ते गाडीत म्हणत होते. अर्ध्या वाटेवर ते बोलायचे बंद झाले.

त्या कारखान्यात हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुतात. आत वाफ इतकी, की माझा चष्मा आंधळा झाला. दोन-दोन बायका चादरीची टोके धरून समोरासमोर चालत येत घड्या घालत होत्या. त्यातली एक व्यवस्थापकांना पाहून जागीच थांबली. तिशीच्या आतली, अंगाने बारीक, कपाळावर घाम. चादरीची दोन टोके तिच्या हातात तशीच होती.

पहिले वाक्य तिनेच म्हटले: “पोरीला बरं नाही का?”

व्यवस्थापकांच्या तोंडून आवाज फुटेना. मला आता सांगता येत नाही, तो घशामुळे की कशामुळे. मी पुढे झाले. मी तिला म्हटले, पोरगी ठणठणीत आहे. मग मी आडवळण न घेता सांगितले: तुम्ही मुलीवरचा हक्क सोडला असे धरून तिला परदेशी जोडप्याला दत्तक दिले आहे, पुढच्या आठवड्यात ते तिला नेणार होते, तुम्हाला हे मान्य आहे का?

ती म्हणाली, “परदेशात शाळा आहे का?”

मी म्हटले, “शाळा नाही. कायमचं. त्यांची मुलगी म्हणून.”

“आणि मी?”

ती व्यवस्थापकांकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, “सर, मी तर सोडायला आले होते. तुम्ही म्हणालात, सोडा बिनघोर. मी बिनघोर सोडली.” समोरचे टोक धरलेली बाई तिला म्हणत होती, अगं खाली ठेव ती चादर. तिला ऐकू येत नव्हते.

मग मी तिला म्हटले, “घाबरू नका. मुलगी इथेच आहे. त्या लोकांनी स्वतःच थांबवलंय. तुमच्या परवानगीशिवाय आता ती कुठेही जात नाही.” मला वाटले, माझे काम झाले. चष्मा पुसावा म्हणून मी तो काढला.

ती म्हणाली, “आणि धाकटा? त्यालापण देणार होता?”

मी समक्ष शपथेवर सांगते की मला धाकट्याबद्दल तोपर्यंत काहीही माहीत नव्हते. परदेशी जोडप्यालाही नव्हते. त्यांनी भावंडांबद्दल विचारले होते आणि त्यांना एकटीच आहे असे सांगितले गेले होते. मी व्यवस्थापकांकडे पाहिले. ते मळक्या चादरींच्या गाठोड्यावर बसले होते. मावशींनी तोंडात पदर कोंबला होता.

आई म्हणाली, “चालायला लागला असेल ना आता? मावशी फोनवर म्हणतात, मजेत आहे.”

मावशी म्हणाल्या, “तो गेला गं बाई. हिवाळ्यातच गेला. तान्ह्यांना लगेच मागणी असते. मला सांगायची छाती झाली नाही.”

सुरुवातीला तिला वाटले मूल वारले. ती खाली बसली. मग तिला समजावले की वारले नाही, दत्तक गेले, दुसऱ्या देशात, दुसऱ्या जोडप्याकडे. हे समजायला तिला जास्त वेळ लागला. माझ्याने तिच्याकडे पाहवेना. भिंगरीला बोलता येत होते म्हणून ती वाचली. सुट्टी, न्यायला, आई, हे शब्द तिच्याकडे होते. धाकट्याकडे एकही नव्हता. ज्याला अजून बोलता येत नव्हते, त्याच्या वतीने बोलायला त्या सगळ्या कारभारात एक माणूस नव्हता. मला याची चीड आहे आणि ती जबाबात लिहावी.

व्यवस्थापकांनी तिथे कबूल केले की दोन्ही मुलांसाठी रेकॉर्डिंगमधले ते एकच बोलणे वापरले गेले. दोघांना एकत्र का ठेवले नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, “दोघं एकदम घेणारे मिळत नाहीत.” यात पैशाचा व्यवहार होता का, ते मला माहीत नाही. ते तुम्ही शोधावे. माझ्या समोर तरी ते गाठोड्यावर बसून लहान पोरासारखे रडत होते आणि कारखान्याचा मुकादम ओरडत होता, की चादरी खराब होतायत.

येताना गाडीत आई माझ्या शेजारी बसली. तिने मला विचारले, “ताई, तुम्हाला त्या लोकांची भाषा येते ना?” मी हो म्हटले. “मग त्यांना सांगाल का, त्याचा उजवा कान वाहतो, त्यात कोमट तेल घालू नका म्हणावं, डॉक्टरांनी नको सांगितलंय. थेंबच घाला म्हणावं.” धाकटा ज्या देशात आहे तिथली भाषा मला येत नाही. मी सांगते म्हणाले.

आम्ही आधी संस्थेत गेलो. आईला पाहिल्यावर भिंगरीने धावत येऊन तिला मिठी मारली नाही. ती आत पळाली आणि आपली पिशवी घेऊन आली. परदेशी बाईंनी व्हरांड्याच्या टोकावरून हे पाहिले. त्या जवळ आल्या नाहीत. त्यांनी मला खूण करून बोलावले आणि सांगितले, की आईला सांगा, आम्ही कोर्टात जाऊन लिहून देऊ, आमच्याकडून काही अडणार नाही. मी ते आईला सांगितले. आईने त्यांना दुरून हात जोडले. बाईंना काय करावे सुचेना, त्यांनीही जोडले.

त्यानंतर आम्ही सगळे या ठाण्यात आलो. परदेशी जोडप्याचा जबाब घेताना मला दुभाषी म्हणून बसवू नये, मी या प्रकरणात साक्षीदार आहे. तटस्थ माणूस आणावे. माझी दुसरी विनंती अशी की धाकट्याच्या शोधासाठी त्या देशाशी जो पत्रव्यवहार होईल, त्यात आईचे म्हणणे दोन वेगवेगळ्या दुभाष्यांकडून करून घ्यावे आणि ते परत तिच्या भाषेत आणून तिला वाचून दाखवावे.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना माझ्या लक्षात आले की सोबतच्या गोषवाऱ्यात, मी सांगितले नसताना, त्यांनी “आईने दोन्ही मुले संस्थेत सोडली” असे लिहिले आहे. मी त्यांना थांबवून म्हटले, साहेब, हाच तो शब्द. ते म्हणाले, “मग काय लिहू? सगळे असंच बोलतात. मी आजच सकाळी माझ्या पोराला शाळेत सोडूनच...” एवढे बोलून ते थांबले आणि त्यांनी पेन खाली ठेवले.

दार उघडे होते. बाहेर बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसलेली आई आतले ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, “सोडलीच लिहा साहेब. मीच सोडली ना. नाही म्हणून कसं चालेल?”

माझ्या सांगण्यावरून “सोडली” हा शब्द खोडून त्या जागी “न्यायला येईन असे सांगून राहायला ठेवली” असे लिहिले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. आईचे वरील म्हणणेही तिच्या सांगण्याप्रमाणे लिहून घेतले आहे, पण ते माझ्या जबाबाचा भाग आहे, तिचा नाही. तिचा जबाब अजून व्हायचा आहे, आणि तो घेताना तिला प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारावा. बाकी मजकूर मी ऐकला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.